दहा बाय दहाच्या खोलीतला उंच पलंग: वजनाची चिंता कमी, डुलण्याची जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये ११ महिन्यांच्या करारावर तुम्ही दोघी मैत्रिणींनी दहा बाय दहाची खोली घेतली आहे. स्लॅब जमिनीपासून साडेनऊ फुटांवर आहे. दोन कॉट टाकल्या की अभ्यासाच्या टेबलाला जागा उरत नाही, म्हणून एक पलंग उंच करून त्याच्या खाली टेबल बसवावे असा तुमचा विचार आहे. अमेरिकेतल्या कॉलेज वसतिगृहासाठी काढलेला एक नकाशा तुम्ही सोबत पाठवला आहे आणि विचारले आहे की इथे कोणते लाकूड घ्यावे, पलंग दोन माणसांचे वजन पेलेल का, आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देणार नसतील तर तो नुसत्या चार पायांवर उभा राहील का.

यातला वजनाचा प्रश्न सर्वांत सोपा आहे आणि त्याचे उत्तर ‘आरामात पेलेल’ असे आहे. शेवटचा प्रश्न मात्र खरा कठीण आहे, कारण असे पलंग ओझ्याने मोडत नाहीत, ते डुलून डुलून सांध्यांत सैल होतात आणि मग एक दिवस तिथेच निकामी होतात. पण या दोन्हींच्या आधी तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीचा निकाल लावावा लागेल, आणि ती म्हणजे छताचा पंखा.

खोली १२० इंची चौरस आहे, म्हणजे मधोमध लावलेला पंखा भिंतीपासून ६० इंचांवर येतो. नेहमीचा ४८ इंची पंखा असेल तर पात्याचे टोक भिंतीपासून अवघ्या ३६ इंचांवर फिरते. मी खाली सुचवलेला पलंग भिंतीला लावला की त्याची बाहेरची कड ४३ इंचांवर पडते, म्हणजे ती पात्याच्या घेरात सात इंच आत जाते. पलंग कोपऱ्यात सरकवूनही फरक पडत नाही, कारण साडेसहा फूट लांबीचा पलंग खोलीच्या मध्याच्या पुढे जातोच. आता उंची पाहा. पाती स्लॅबच्या साधारण सव्वा फूट खाली, म्हणजे जमिनीपासून १०० इंचांच्या आसपास असतात. उंच पलंगावर गादीचा वरचा भाग ७६ इंचांवर येईल आणि त्यावर ताठ बसलेल्या माणसाचे डोके ११० इंचांच्या वर जाईल. सकाळी झोपेतून उठून बसलेली व्यक्ती आळस देते, कुर्ता डोक्यावरून काढते, चादर झटकते. यातली प्रत्येक हालचाल हात थेट पात्यांत नेणारी आहे. पंखा आणि उंच पलंग या खोलीत एकत्र नांदू शकत नाहीत, आणि ‘आम्ही सांभाळून राहू’ हे उत्तर मी कधीही मान्य करणार नाही.

म्हणून घरमालकांशी पहिले बोलणे भिंतीच्या भोकाबद्दल न करता पंख्याबद्दल करा. इलेक्ट्रिशियनकडून पंखा उतरवून, वायरची टोके कनेक्टरमध्ये नीट बंद करून हूक तसाच ठेवता येतो आणि खोली सोडताना पंखा परत चढवता येतो. त्याऐवजी समोरच्या भिंतीवर जाळीचा वॉल फॅन लावावा. त्याच्या दोन भोकांनाही नकार असेल तर स्टँड फॅन घ्यावा. मोठ्या खोलीत, जिथे पंखा ठेवणे भागच आहे, तिथे पलंगाच्या कडेपासून पात्याच्या टोकापर्यंत किमान तीन फूट मोकळे राहतील अशीच जागा निवडावी. ताणलेला हात साधारण अडीच फूट जातो आणि वर थोडी गुंजाइश हवी. पंखा काढायची परवानगी मिळालीच नाही, तर पूर्ण उंचीचा नाद सोडून गादीचा माथा साडेतीन फुटांच्या आत राहील असा अर्ध्या उंचीचा पलंग करा. त्याच्या खाली टेबल बसणार नाही, पण ट्रंका, पुस्तके, बादल्या आणि कपड्यांच्या बॅगा जातील, आणि त्यांनी आज अडवलेली जागा टेबलाला मिळेल. अशा पलंगावरही उभे मात्र राहायचे नाही.

पंख्याचा निकाल लागला असे धरून आता उंची ठरवू. ती वरून खाली मोजत यायची असते, खालून वर नाही. बसलेल्या माणसाला गादीच्या वर ३६ ते ३८ इंच मोकळे हवेत, नाहीतर पलंगावर फक्त आडवे होता येते आणि पुस्तक वाचायलाही खाली उतरावे लागते. तुमचा स्लॅब ११४ इंचांवर आहे. त्यातून ३८ वजा केले की गादीचा माथा ७६ इंचांवर आला. चार इंची गादी धरली तर प्लायचा माथा ७२ इंचांवर, आणि पाच इंच रुंदीची लांब तुळई त्याच्या एक इंच वरून सुरू होऊन खाली ६८ इंचांवर संपेल. म्हणजे पाच फूट आठ इंचांपर्यंतच्या व्यक्तीला टेबलाशी वाकावे लागणार नाही. स्लॅब नऊच फुटांवर असलेल्या खोलीत हीच तुळई ६२ इंचांवर येते. तिथे खुर्चीवर बसणे ठीक, पण उठताना रोज डोके आपटते, आणि मला विचाराल तर अशा खोलीत टेबल पलंगाच्या बाहेर थोडे पुढे काढावे.

एक सूचना इथेच देऊन टाकतो. जुन्या फ्लॅटमध्ये दाराच्या वर सात फुटांवर काँक्रीटचा माळा असतो आणि ‘पलंगाची एक बाजू त्या माळ्यावर टेकवली तर दोन पाय वाचतील’ अशी कल्पना पुष्कळांना सुचते. तो माळा डबे आणि जुन्या गाद्या ठेवण्यासाठी ओतलेला असतो. त्यावर माणसाच्या हालचालीचे वजन टाकू नये.

तुम्ही पाठवलेला नकाशा वाईट नाही, पण तो तिथल्या खोलीसाठी आहे. तिथली वसतिगृहाची गादी बहुधा ३८ बाय ८० इंचांची असते. आपल्याकडे एकट्याची गादी ७२ बाय ३६ किंवा ७५ बाय ३६ इंचांची मिळते, त्यामुळे आधी गादी घ्यावी आणि मग पलंग मोजावा. नकाशात ‘टू बाय फोर’ म्हटले आहे तो दांडा प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचा असतो, रंधून, वाळवून आणि प्रत ठरवून दुकानात ठेवलेला. आपल्या वखारीत तुम्ही जी साइज सांगाल ती चिरून मिळते आणि रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूने एखादा सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी होते. नकाशातले आकडे तसेच मिस्त्रीच्या हातात दिले तर खाचा जुळणार नाहीत. शिवाय त्या खोल्यांत छताचा पंखा क्वचितच असतो, म्हणून नकाशा काढणाऱ्याने त्याचा विचारच केलेला नाही. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथल्या अनेक विद्यापीठांनी विद्यार्थ्यांनी घरी बनवलेले असे पलंग आता बंद केले आहेत आणि उंची बदलता येणारे स्वतःचे पलंग दिले आहेत.

लाकडाबद्दल. साल मजबूत आणि जड असते, पण ओले घेतले तर वाळताना असा पीळ मारते की सरळ लावलेली तुळई दोन महिन्यांत धनुष्यासारखी होते. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन स्वस्त आणि हलके असते, मात्र त्याच्या गाठी पाहूनच घ्यावे लागते: तुळईच्या खालच्या कडेला, मध्याजवळ मोठी गाठ असेल तर तो तुकडा तुळईला वापरू नका, कठड्याला वापरा. माझी पसंती जुन्या सागवानाला आहे. पाडलेल्या वाड्यांचे आणि जुन्या घरांचे वासे, चौकटी पुण्यात जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे मिळतात. ते लाकूड कित्येक दशके वाळलेले असते, त्यामुळे हालत नाही, आणि वाळवीही त्याच्या वाटेला सहसा जात नाही. फक्त चिरण्याआधी त्यातले खिळे चुंबक फिरवून शोधावेत, नाहीतर सॉ मिलवाला पातीचे पैसे तुमच्याकडून घेईल, आणि त्याचे बरोबरच असेल. नवे लाकूड घेणार असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दोन-चार वखारी फिरा, तुकडा एका डोळ्याने लांबीत पाहून बाक आणि पीळ तपासा, आणि पृष्ठभागावर टाचणीएवढी भोके व त्याखाली पिवळसर भुकटी दिसली तर तो ढीगच सोडून द्या, कारण ते भुंग्याचे लक्षण आहे. या पलंगाला सगळे मिळून पाच ते साडेपाच घनफूट लाकूड लागते. नासधूस धरून सहा सांगावे. भाव मुद्दाम लिहीत नाही, ते वखारीगणिक बदलतात.

आता वजनाचा हिशेब, म्हणजे मनातली भीती जाईल. दोन माणसे, गादी, प्लाय असे सगळे मिळून २०० किलो धरले तर प्रत्येक लांब तुळईवर १०० किलो येतात. दीड इंच जाड आणि पाच इंच रुंद तुळई उभी, म्हणजे पाच इंचांची बाजू उभी ठेवून, साडेसहा फुटांवर लावली तर एवढ्या वजनाखाली ती मध्यात दोन मिलिमीटरही वाकत नाही. तीच तुळई आडवी, म्हणजे चपटी लावली तर अकरा पट जास्त वाकते. लाकूड तेवढेच, पैसे तेवढेच, फक्त बसवण्याची दिशा वेगळी. तेव्हा जाड लाकूड घेण्यावर पैसे घालवू नका. चार इंची चौरस खांब लावून केलेले आणि तरीही झुल्यासारखे हलणारे पलंग मी पुष्कळ पाहिले आहेत.

चौकट अशी करावी. प्रत्येक खांब दीड बाय चार इंचांच्या दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून बनवायचा. बाहेरची फळी ८६ इंच लांब, कारण तिचा वरचा भाग कठड्याला लागणार आहे. आतली फळी ६८ इंचांवरच थांबवायची. दोन्हींमध्ये फेव्हिकॉल लावून, शिकंज्यात दाबून, वर दर आठ इंचांवर अडीच इंची स्क्रू मारले की खांब तयार झाला, आणि त्याला आपोआप एक खांदा मिळाला. लांब तुळई त्या खांद्यावर बसते. वजन लाकडावरून लाकडावर उतरते आणि बोल्टला ते उचलावे लागत नाही, त्याने तुळईला फक्त जागेवर धरून ठेवायचे असते. हा फरक महत्त्वाचा आहे. ज्या पलंगात तुळई नुसत्या बोल्टवर लटकते तिथे भोके हळूहळू लांबट होतात आणि कुरकुर सुरू होते. खाच पाडायला पटाशी चालवता न येणाऱ्यालाही हा खांब नुसत्या करवतीने जमतो, म्हणून मी तो सुचवतो.

तुळई आणि खांब यांच्या प्रत्येक सांध्याला १० मिलिमीटरचे, चार इंच लांबीचे दोन कॅरेज बोल्ट (गोल, गुळगुळीत डोक्याचे), वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज न फिरणारे). दोन बोल्ट एकाखाली एक अगदी सरळ रेषेत घेऊ नका. खांबाचे रेषे उभे असतात आणि एकाच रेषेवर दोन भोके पडली की तिथून चीर जाते. अर्धा इंच इकडे-तिकडे करावे आणि तुळईच्या टोकापासून भोक दोन इंच आत असावे. इंटिरिअरचे मिस्त्री जे काळे स्क्रू सर्रास वापरतात ते जिप्समच्या शीटसाठी असतात, आडव्या जोराने ते ताडकन तुटतात. प्लायपुरते ठीक, सांध्याला अजिबात नकोत.

डोक्याकडच्या आणि पायांकडच्या आडव्या फळ्या दीड बाय पाच इंचांच्याच घ्याव्यात आणि त्या लांब तुळईच्या लगेच खाली, जिथे खांब पुरता तीन इंची आहे तिथे, खांबांच्या बाहेरून लावाव्यात. त्यांच्यावर गादीचे वजन येत नाही, पण दोन्ही बाजू एकत्र धरण्याचे काम त्यांचे असल्याने इथेही दोन-दोन बोल्ट हवेत. ते साडेसहा इंची लागतात. दुकानात न मिळाल्यास आट्यांचा सळई-रॉड घेऊन कापून घ्यावा. जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन्ही टोकांना आणि मागच्या लांब बाजूला आणखी एकेक आडवी फळी द्यावी. पुढची बाजू खुर्चीसाठी मोकळी. सगळे बोल्ट पुरते आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे कोपरे बरोबर काटकोनात आहेत असे समजून मगच आवळा.

एवढे करूनही हा पलंग डुलेल. चार खांब आणि आडव्या फळ्या यांची चौकट कितीही घट्ट आवळली तरी आयताचा तिरका चौकोन व्हायला पाहतो, कारण सहा फूट वरच्या टोकाला लागलेला धक्का खालच्या सांध्यांवर मोठ्या तरफेने येतो. रात्री कूस बदलली, कोणी शिडी चढले, की प्रत्येक वेळी सांधे थोडे थोडे पिळले जातात. भिंतीला दोन अँकर मारता आले असते तर प्रश्न तिथेच संपला असता. ते जमणार नाही, तेव्हा चौकटीतच तिरका आधार निर्माण करावा लागेल, आणि त्याचा सर्वांत सोपा उपाय प्लाय आहे. मागच्या बाजूला, लांब तुळईपासून खाली दीड फूट रुंदीचा १२ मिलिमीटर प्लायचा अखंड पट्टा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत लावा आणि त्याला कडेने दर चार ते सहा इंचांवर स्क्रू मारा. प्लायला आपल्या पातळीत तिरके होता येत नाही, त्यामुळे तो चौकटीलाही होऊ देत नाही. टेबलासमोर तो पट्टा येतो, त्यावर वेळापत्रक आणि कागद टाचता येतात, हा वरचा फायदा. रुंदीच्या दिशेला, म्हणजे डोक्याकडे आणि पायांकडे, ज्या टोकाला ये-जा नाही तिथे जमिनीपासून वरपर्यंत पाठीला प्लाय असलेली पुस्तकांची मांडणी बसवून ती दोन्ही खांबांना स्क्रूने जोडावी. दुसऱ्या टोकाला खांब आणि आडवी फळी यांच्या कोनात पंचेचाळीस अंशांत सव्वा फुटाचे दोन तिरके टेकू द्यावेत. एक फूट लांबीचे नाजूक टेकू दिसायला छान दिसतात, पण आधार द्यायचा तर टेकू दोन्ही टोकांना बोल्टने धरलेला हवा. शेवटी पलंग कोपऱ्यात सरकवून, खांब आणि भिंत यांच्यात रबराच्या चकत्या दाटून बसवा. भोक न पाडता दोन दिशांचे हेलकावे भिंती अडवतात आणि रंगही खरवडत नाही.

डुलणे मोजायची माझी रीत साधी आहे. गादी टाकण्यापूर्वी वरचा कोपरा एका हाताने धरून पुढे-मागे झटके द्यायचे. अर्ध्या इंचापेक्षा जास्त हालला तर काम अपुरे आहे, मग सांधे कितीही देखणे असोत. त्यानंतर तिघींनी वर बसून थोडे इकडे-तिकडे सरकावे आणि चौथीने खाली उभे न राहता बाजूने सांध्यांकडे पाहावे.

गादीखालची मांडणी पटकन सांगतो. तुळईच्या आतल्या बाजूला, खालच्या कडेशी मिळवून, दीड इंची चौरस पट्टी फेव्हिकॉल आणि दर सहा इंचांवर स्क्रू मारून लावायची. त्यावर दीड बाय दोन इंचांचे आडवे बत्ते, दोन इंचांची बाजू उभी ठेवून, साधारण फुटाच्या अंतराने. त्यावर १२ मिलिमीटर प्लाय. दोन तुळयांमधली आतली रुंदी ३७ इंच आणि लांबी ७४ इंच ठेवली तर ७२ बाय ३६ ची गादी चादर खोचायला जागा ठेवून बसते; गादी ७५ ची असेल तर लांबी ७७ करा. प्लायमध्ये हातभर अंतरांवर इंचभर व्यासाची भोके पाडायला विसरू नका. पुण्याच्या पावसाळ्यात सपाट प्लायवर काथ्याची गादी महिनाभर न हलवता ठेवली की तिच्या पोटाला बुरशी धरते, आणि उंचावरची गादी कोणी रोज उचलून पाहत नाही. त्याच कारणाने कापसाची जड गादी इथे नको. फोमची चार इंची गादी एकटीला उतरवून उन्हात टाकता येते.

कठडा चारही बाजूंनी हवा, भिंतीकडेही. भिंत आणि पलंग यांच्यामध्ये पडलेल्या फटीत माणूस अडकण्याचा धोका असतो, आणि मोबाइल तर हमखास जातो. अमेरिकेतल्या दुमजली पलंगांच्या नियमानुसार कठडा गादीच्या माथ्यापासून किमान पाच इंच वर असावा लागतो आणि मधल्या फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या चालत नाहीत. मोठ्या माणसासाठी मी दहा इंच धरतो, म्हणूनच खांबाची बाहेरची फळी ८६ इंचांची सांगितली. खरी गफलत नंतर होते: कोणीतरी मऊ वाटावे म्हणून गादीवर आणखी एक गादी टाकते आणि कठडा बुडतो. खांबाच्या आतल्या बाजूला प्लायच्या वर चार इंचांवर एक ठळक रेघ मारून ठेवा आणि गादी तिच्या वर जाऊ देऊ नका.

शिडी उभी लावली की जागा वाचते, पण रात्री अर्धवट झोपेत उतरताना तीच नडते. पायथा भिंतीपासून वा टेबलापासून दूर नेता येत असेल तर शिडीला फूट-सव्वा फुटाचा उतार द्या. पायऱ्या दहा इंचांच्या अंतराने आणि किमान तीन इंच रुंद, चपट्या; गोल पाइपवर अनवाणी पायाचे तळवे दुखतात आणि चार दिवसांनी माणूस वरून उडी मारायला लागतो. शिडीपाशी कठड्यात सोळा इंचांची वाट ठेवा आणि तिच्या एका बाजूचा खांब हाताने धरता येईल असा गुळगुळीत करा. ज्या मुलीला फिट्स येतात किंवा झोपेत चालण्याची सवय आहे तिने वरचा पलंग घेऊ नये. ताप, चक्कर किंवा मुरगळलेला पाय असेल तर त्या रात्री दोघींनी जागा बदलावी, हे आधीच ठरवून ठेवा.

मच्छरदाणीसाठी चारही खांबांच्या माथ्यावर हूक लावता येतात, आणि पंखा काढलेला असल्याने ती पात्यांत ओढली जाण्याची भीती राहत नाही. उन्हाळ्याचा मात्र विचार करा. खोली वरच्या मजल्यावर, उघड्या गच्चीखाली असेल तर एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि तुम्ही त्याच्यापासून तीन फुटांवर झोपणार आहात. अशा खोलीत मी उंच पलंग करूच नका म्हणेन. खिडकीशेजारी पलंग येत असेल तर खिडकीला पूर्ण उंचीचे ग्रिल आहे याची खात्री करा, कारण तुमची झोपायची पातळी आता खिडकीच्या वरच्या भागाशी आली आहे. मोबाइल चार्जिंगसाठी वर नेलेली एक्स्टेंशनची वायर खांबाला क्लिपने बांधावी, तुळई आणि भिंत यांच्यात दाबली जाऊ देऊ नये.

हे सारे वाचून ‘त्यापेक्षा लोखंडाचा करून घेऊ’ असे वाटले तर त्यात वावगे काही नाही. सुतारकामाची हत्यारे हाताशी नसतील तर तो मार्ग उलट बरा. खांबांना ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणि तुळयांना ५० बाय २५ चा, दोन्ही दोन मिलिमीटर जाडीचे, म्हणजे १४ गेजचे. फॅब्रिकेटर स्वस्तात बसवण्यासाठी त्याहून पातळ, १८ गेजचा पाइप सुचवेल. तो वजन पेलतो, पण भोकांपाशी चेपतो. पलंग अखंड वेल्डिंग करून घेऊ नका, तो जिन्याच्या वळणावरच अडकेल. डोक्याकडची आणि पायांकडची अशा दोन चौकटी वेल्ड करून घ्याव्यात आणि लांब तुळया त्यांना बोल्टने जोडाव्यात. वेल्डिंग नुसते टाके मारून न ठेवता चारही बाजूंनी भरून घ्या, रंगाच्या आत रेड ऑक्साइडचा हात द्या, आणि पायांना रबरी बूट घाला, नाहीतर फरशीला चरे पडून डिपॉझिटमधून पैसे कापले जातील. मागचा प्लायचा पट्टा लोखंडी पलंगालाही लागतोच. लोखंड डुलत नाही हा गैरसमज आहे.

घरमालकांची परवानगी तोंडी न घेता मेसेजवर का होईना, लेखी घ्या. त्यात पंखा उतरवून सांभाळून ठेवला आहे, भिंतीला भोक पाडलेले नाही आणि पलंग तुमचा असून जाताना तुम्ही तो नेणार आहात, एवढ्या तीन गोष्टी असाव्यात.

शेवटी देखभाल. कॉलेजचे प्रवेश पावसाळ्यात होतात, म्हणून असे पलंगही बहुधा जून ते ऑगस्टमध्ये बनतात, तेव्हा लाकडाने हवेतला ओलावा घेतलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत ते आडव्या रेषांत आकसते आणि आवळलेले नट न फिरताही सैल होतात. पहिल्या महिन्याच्या अखेरीस, दिवाळीच्या सुट्टीवरून परतल्यावर आणि पुन्हा जानेवारीत सगळे बोल्ट पान्याने आवळावेत. पलंग कुरकुरू लागला तर तारखेची वाट पाहू नये. अकरा महिन्यांनी सोडवताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर मार्करने एकच क्रमांक घाला आणि बोल्ट ज्या सांध्याचे त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवा, कारण हाताने पाडलेली भोके एकमेकांना कधीच तंतोतंत सारखी नसतात आणि नव्या खोलीत अदलाबदल झाली की चौकट गुण्यात येत नाही.